सत्तावीस नंबरचा टावर

आंदोलनाचं एक बरं असतं. निकाल लागायला वर्षं जातात, पण किस्से मात्र रोजच्या रोज घडतात! मी यात पडलो तेव्हा वाटलं होतं, दोन-चार निवेदनं देऊ, फोटो काढू, घरी येऊ. आता उज्जैनच्या टावर चौकात कोणी भेटलं की तब्येत नंतर विचारतात. आधी, "काय हो, पिपल्याचं काय नवीन?" मग उभ्या उभ्या दोन किस्से होतात आणि आणायला गेलेली भाजी राहूनच जाते.

पिपल्या म्हणजे गंभीर नावाच्या नदीच्या खोऱ्यातलं गाव. तिथून विजेची मोठी लाइन जाणार, नदीच्या काठाकाठानं. आणि तिचा सत्तावीस नंबरचा टावर येणार कमलाबाईंच्या जामफळांच्या बागेत. जामफळ म्हणजे पेरू. उज्जैनमध्ये पेरू मागितला तर फळवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

*

मला तिकडे ओढून नेलं जोशी सरांनी. नानाखेड्याला आमच्या शेजारी राहतात, पिपल्याच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. मी वीज खात्यात ड्राफ्ट्समन होतो, आता रिटायर. सर म्हणाले, "चला दामले, नकाशा वाचणारा माणूस पाहिजे."

गेलो. मंदिराच्या ओट्यावर अख्खं गाव जमलेलं. सरांनी कौतुकानं ओळख करून दिली, "ये दामले साब, बिजली विभाग से."

मागून एक जण उठला, हातात काठी. मी चपला कुठे काढल्यात ते बघून ठेवलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला, "बैठ जा रे! दुश्मन के घर का है, तभी तो नक्शा पढ़ेगा!"

त्या कमलाबाई. नवरा गेल्यावर बाग आणि विहीर एकटीच्या हिमतीवर राखलेली बाई. काठीवाला मुकाट्यानं खाली बसला, आणि मी गावाच्या आंदोलन समितीत आलो.

*

नकाशावर टावर म्हणजे एक ठिपका. कमलाबाईंनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "यो टपको असल में कितरो बड़ो?"

सांगून काय कळणार! मी चुन्याची फक्की मागवली, टेप धरला आणि बागेत चार पायांचा चौकोन आखून दाखवला. एक पाय नेमका विहिरीच्या काठावर. बाकीचे तीन झाडांमधे. शिवाय तारांखाली उंच झाड ठेवू देत नाहीत, म्हणजे उरलेली बागही गेल्यातच जमा.

बाई चौकोनाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. चारी बाजूंना बघितलं. मग म्हणाल्या, "भाऊसाब, तमने नौकरी में ऐसा कितरा टपका लगाया?"

चाळीस वर्षं एसीखाली बसून पट्टीनं रेघा ओढल्या. कोणाच्या विहिरीवरून गेल्या, कधी बघायला गेलो नाही. खरं सांगतो, लाज वाटली.

त्यांनी चहाचा कप पुढे केला. "पी लो. अब एक टपको मिटाना सीखो!"

*

मग फोन सुरू झाले. आमच्या घरच्या लँडलाइनवर. एकदा हिनं उचलला. पलीकडून अगदी गोड आवाज, "मॅडम, दामलेजी को समझाइए. पेन्शनवाले आदमी हैं, घर में रहें. रास्ते में कुछ हो-हवा गया तो?"

ही म्हणाली, "घर में रहते हैं तो मेरे किचन में डब्बे जमाते हैं! आप ही रख लो इनको आठ दिन!" आणि फोन आपटला.

मी हसत सुटलो. मग बघितलं तर ही भरदुपारी दाराला आतून कडी घालत होती. त्या दिवसापासून पिपल्याला जाताना मी स्कूटर सोडली. देवास गेटवरून बसनं जातो, चार माणसांत.

*

जोशी सरांची एक खोड आहे. गर्दी दिसली की हजेरी घेतात! कलेक्टर ऑफिसवर मोर्चा नेला तेव्हा फाटकावर पोलिसांची रांग, हातात लाठ्या. इन्स्पेक्टर म्हणाले, "पाँच मिनट में हटो, नहीं तो हटाएँगे." आमच्यात बायका होत्या, म्हातारे होते. धक्काबुक्की झाली असती तर कोण कोणाच्या पायाखाली आलं असतं कळलं नसतं.

सरांनी शांतपणे खिशातून यादी काढली. माणसं हरवायला नकोत म्हणून आधी मोजून घेऊ, म्हणाले. आणि शाळेतल्या त्या खणखणीत आवाजात सुरू. "कैलाश!" "हाज़िर!" "बद्रीलाल!" "हाज़िर!" "दिनेश!"

आमचा दिनेश पाणी आणायला गेला होता. पण नाव पुकारलं आणि पोलिसांच्या रांगेतून टाचा जुळल्याचा आवाज आला. "हाज़िर, सर!"

पिपल्याच्या शाळेत सरांच्याच हाताखाली शिकलेला कॉन्स्टेबल, तोही दिनेश! इन्स्पेक्टरनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा घामाघूम झाला. सर मात्र यादीवरून मान वर न करता म्हणाले, "दिनेश, डंडा नीचे. क्लास चल रही है."

फाटक उघडलं नाही, पण लाठ्याही उचलल्या गेल्या नाहीत.

*

लाइन टाकणाऱ्या कंपनीनं एकदा खोदाईला मशीन पाठवलं. सोबत कंपनीचे समन्वय अधिकारी, मजूर आणि सात-आठ पोलीस. आम्ही पोचलो तेव्हा मशीन बागेच्या कुंपणाशी घरघरत होतं. मला वाटलं, संपलं सगळं.

पण साहेब होते बाहेरगावचे. महाकालची सवारी, म्हणजे पालखी, फक्त श्रावणात निघते अशी त्यांची समजूत. कार्तिकातही सोमवारी निघते, आणि तो होता कार्तिकातला सोमवार! पोलिसांना तीनच्या आत बंदोबस्ताला शहरात परतायचं होतं, आणि पोलिसांशिवाय खोदाई होणार नव्हती. हे कमलाबाईंना ठाऊक होतं.

त्या मशीनसमोर आल्या, हात जोडले. "रोकूँगी नहीं. पर खेत पे आया आदमी भूखा काम करे, ये हमारे यहाँ नहीं होता. पहले जीम लो."

बायकांनी सकाळीच गोवऱ्या पेटवल्या होत्या. दाल-बाफले, लाडू, कढी. माळव्यात बाफला, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेला कणकेचा गोळा, तुपात बुडवतात, आणि आग्रह असा की नाही म्हणायची सोय नाही. "एक और! म्हारी सौगंध!" ड्रायव्हरनं सहा खाल्ले, साहेबांनी चार.

दाल-बाफले खाल्ल्यावर माणूस उभा राहू शकत नाही, हे उज्जैनमध्ये शेंबडं पोरही सांगेल. दीड वाजता कडुनिंबाखाली सगळे आडवे. मशीनचा ड्रायव्हर तर घोरत होता. आम्ही श्वास रोखून घड्याळाकडे बघत बसलो.

पावणेतीनला हवालदारांच्या मोबाइलवर शहरातून शिव्या आल्या तेव्हा धावपळ उडाली. साहेब डोळे चोळत ओरडले, "ये सरकारी काम में बाधा है!"

कमलाबाई म्हणाल्या, "बाधा कहाँ है साब, घी है!"

*

शेवटी कमलाबाईंच्या हरकतीवर कलेक्टर ऑफिसात सुनावणी लागली. मी दुसरा नकाशा काढून ठेवला होता. त्यात टावर बाग सोडून ओढ्यापलीकडे सरकत होता, एका शेताच्या खडकाळ कोपऱ्यात. पण ते शेत होतं भेरूलालजींचं. कमलाबाईंचे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ते आमच्या एकाही बैठकीला आले नव्हते. आणि त्यांना विचारणार कोण? घरचा मामला, बाहेरच्यानं कसं पडायचं! इकडे सून जेठांसमोर तोंड उघडत नाही. घुंगट घ्यायचा आणि गप्प राहायचं. लग्न होऊन आल्यापासून कमलाबाई त्यांच्यासमोर एक शब्द बोललेल्या नव्हत्या.

हे समन्वय साहेबांनी बरोबर शोधून काढलं. एवढ्या दिवसांत तेही थोडं उज्जैन शिकले होते!

कमलाबाई ताठ मानेनं आत आल्या. बघतात तो समोरच्या खुर्चीत भेरूलालजी. कंपनीच्या गाडीतून आणलेले. बाईंचा पदर सर्रकन हनुवटीपर्यंत खाली आला.

सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले, "हाँ कमलाबाई, बोलिए."

आवाज नाही.

"बोलिए, आपको क्या आपत्ति है?"

मी उठलो. "सर, मी... मैं बताता हूँ."

"ज़मीन आपकी है? बैठिए."

समन्वय साहेब हळूच म्हणाले, "सर, लिखवा दीजिए, आपत्तिकर्ता को कुछ नहीं कहना."

टायपिस्टची बोटं कीबोर्डवर गेली. सरांनी माझा हात घट्ट धरला होता. दीड वर्षाची धावपळ, ती विहीर, ती बाग, सगळं आता एका ओळीत संपणार होतं.

खुर्ची करकरली. भेरूलालजी उठले. वयस्कर माणूस, मोठा साफा. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची उचलली, फिरवली आणि आम्हा सगळ्यांकडे पाठ करून भिंतीसमोर बसले.

"मत लिखो साब," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "बहू, मैं नी देखी रियो. बोल. और म्हारा खेत को पथरीलो कोनो बी बतई दे."