पहिल्या शतकातले घरमालक

लंडनजवळच्या स्लाऊमध्ये ज्यांच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली होती, ते माझे घरमालक या काळातले नव्हतेच. म्हणजे शरीर स्लाऊमध्ये होतं, पेन्शन ब्रिटिश सरकारची होती, गुडघेसुद्धा इथल्याच हॉस्पिटलमध्ये बदलून घेतलेले होते. पण माणूस राहायचा ख्रिस्ती मंडळीच्या अगदी पहिल्या काळात. अंत्युखियाच्या म्हाताऱ्या बिशपला साखळदंड घालून रोमला सिंहांपुढे टाकायला नेलं, ही गोष्ट ते अशी सांगत की मला वाटे, ती सकाळच्या बातम्यांत आली असावी आणि मी ट्रेनमध्ये असल्यामुळे माझी हुकली. "नेलं गं त्याला," असं म्हणून ते चष्मा काढून पुसत, आणि चष्मा खरोखरच ओला झालेला असे.

मूळचे ते नगरकडचे. घराणं चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, स्वतः शिकून भूल देणारे डॉक्टर झालेले, आणि तरुणपणीच इथल्या हॉस्पिटलमध्ये नोकरीला आलेले. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, मी डॉक्टरकाका म्हणायचे. आयुष्यभर भूल दिल्यामुळे असेल, जिवंत आणि मृत यांच्यामधली रेघ त्यांना आपल्यासारखी ठळक दिसत नसे. "टेबलावर झोपवलेल्या माणसासमोर कधी वाईट बोलू नये," ते मला म्हणाले होते. "त्याला ऐकू येतं. मेलेल्यालाही येतं. फरक इतकाच की पहिला उठून तक्रार करतो."

मी परांड्याची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. ब्रॅकनेलच्या एका कंपनीत नोकरी लागली तेव्हा तिथली भाडी मला परवडेनात, म्हणून मी स्लाऊला खोली शोधत आले. डॉक्टरकाकांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही, स्वयंपाकाचा वास चालेल की नाही हेही बोलले नाहीत. विचारलं ते एवढंच : "तुमच्या गावात सरपंच निवडून येतो की वरून नेमतात?"

"निवडून येतो."

"आणि पडलेला उमेदवार नंतर त्याच्याशी बोलतो?"

"नाही."

"अगदी पहिल्या मंडळीसारखं! खोली तुझी."

सगळ्या जगाची मांडणी ते बिशप, वडील आणि डीकन, म्हणजे सेवक, अशा तीन पायऱ्यांत करत. मंडळीच्या भाषेत 'वडील' म्हणजे बाप नव्हे, तर हात ठेवून नेमलेला पुढारी. सुपरमार्केटचा मॅनेजर त्यांच्या हिशेबी बिशप, काउंटरवरच्या बाया वडील, ट्रॉल्या गोळा करणारा डीकन. "आणि खरं काम नेहमी डीकनच करतो," ही पुस्ती. माझा टीम लीडर लोकांनी निवडलेला नसून वरून नेमलेला आहे हे कळल्यावर त्यांनी त्याला पाखंडी ठरवलं आणि मी त्याच्याबरोबर जेवू नये असं सुचवलं. ईस्टर कोणत्या दिवशी पाळावा यावर दुसऱ्या शतकात भांडण झालं होतं. ते यांनी मिटू दिलं नव्हतं. ते दोन्ही पक्षांचे ईस्टर पाळत, आणि दोन्ही दिवशी शेजारच्या इंग्रज बाईंना अंडी नेऊन देत. बाई दर वर्षी त्याच चेहऱ्याने "हाऊ लव्हली, अगेन," म्हणत.

पार्सल घेऊन येणाऱ्या सरदारजीचे मात्र फार हाल होत. सही करण्याआधी डॉक्टरकाका त्याला दारातच चौथ्या शतकातला प्रश्न विचारत, पुत्र हा पित्याबरोबर अनादि आहे, की पिता आधी आणि पुत्र नंतर? एकदा तो बिचारा पावसात भिजत म्हणाला, "अंकलजी, मेरे घर में तो बेटा ही बाप है. साइन कर दो." त्यावर हे आठवडाभर विचार करत होते.

या सगळ्याला मी हसायचे. पण सकाळी मी जिना उतरायची तेव्हा हसू यायचं नाही. खालच्या खोलीत मोठं टेबल होतं आणि त्याभोवती खुर्च्या, माणसं असतात त्यापेक्षा कितीतरी जास्त. मंडळीतला माणूस वारला तरी त्याची खुर्ची हलवायची नाही, हा त्यांचा नियम. "मंडळीत मेलेलं कोणी नसतं," ते म्हणत. "काही समोर बसतात, काही आत बसतात." नाश्त्याला बसण्याआधी ते प्रत्येक खुर्चीला नावाने सलाम करत, आणि प्रत्येक सलामानंतर उत्तराला पुरेल इतके थांबत. कधीकधी मी वर केस विंचरत असताना खाली खुर्च्या सरकल्याचा आवाज येई. मग लक्षात येई की बाथरूममध्ये पाणी वाहतंय आणि डॉक्टरकाका अजून अंघोळीलाच आहेत. जुनी घरं लाकडाची, थंडीत आवाज करतात, असं मी स्वतःला समजावलं. आईला फोनवर काहीच सांगितलं नाही.

खिडकीजवळची, हिरव्या उशीची खुर्ची सुशीलाबाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची. मी यायच्या तीन वर्षं आधी त्या गेल्या होत्या. त्यांच्या स्मृतिदिनी डॉक्टरकाका मला कबरस्तानात घेऊन गेले. बरोबर डब्यात बटाटेवडे आणि थर्मासमध्ये चहा. रोममधले पहिले ख्रिस्ती लोक कबरींवर बसून जेवत, मेलेल्यांनाही वाढत, हे त्यांनी वाटेत समजावलं होतं. गवतावर चादर अंथरून त्यांनी वडे वाटले, आणि कपभर चहा शांतपणे जमिनीत ओतला. "बिनसाखरेचा आहे," मला म्हणाले, "डायबेटिस होता तिला." मग गुडघे वाकत नव्हते तरी कसेबसे वाकून कान गवताला लावला. बराच वेळ ऐकलं. "हं," म्हणाले, आणि उठून माझ्या हातावर आणखी एक वडा ठेवला. "ती म्हणते, पोरगी लाजते, तिला वाढा."

मला खरंच आणखी एक हवा होता आणि मी लाजतच होते. आमच्याकडे पिंडाला कावळा शिवायची वाट बघतात, म्हणून मी सवयीने वर पाहिलं. झाडावर एकही पक्षी नव्हता. त्या दिवशी आवाज म्हणून कसलाच नव्हता, लांबच्या मोटारवेचासुद्धा.

दर रविवारी दुपारी या खुर्च्यांत उपासना होई. एकेकाळी तिथे बसायला जागा नसे म्हणतात. मी पाहिली तेव्हा मंडळी आटली होती : नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या मार्थाबाई, ट्रेडिंग इस्टेटमधल्या गोदामात आयुष्य काढलेले दाऊदमामा, आणि कधीमधी येणारं एखादं म्हातारं जोडपं. डॉक्टरकाका त्यांचे एकमेव उरलेले वडील. त्यांच्यावर कोणीतरी हात ठेवले होते, त्याच्यावर आणखी कोणी, आणि असं मागे मागे जात ती साखळी थेट येशूच्या प्रेषितांच्या हातापर्यंत पोचते, असा त्यांचा ठाम विश्वास होता. आता त्यांना आपल्यामागे कोणावर तरी हात ठेवायचे होते, आणि घेणारं डोकं सापडत नव्हतं. त्यांची मुलगी रूथ क्रॉयडनला राहायची. पप्पा एकटे पडतात, पडले की उठता येत नाही, म्हणून घर विकून त्यांना तिकडे न्यायचं तिने ठरवलं होतं. "नवा वडील नेमू दे, मग येतो," असं सांगून ते तिला टोलवत. ते गेले की मंडळी संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"दाऊद, तू हो की," ते म्हणत.

"डॉक्टर, तुमचे ते बिशप सिंहाच्या तोंडी गेले, आम्ही तुमच्या तोंडी सापडलो," दाऊदमामा म्हणत. "तेवढं पुरे आहे."

"नाही म्हणतोस म्हणजे लायक आहेस! त्या काळी मंडळी 'योग्य आहे!' म्हणून ओरडायची आणि निवडलेला माणूस पळून जंगलात लपायचा. त्याला धरून आणायचे. हावरा असतो तो नालायक. पळतो, त्याला धरा."

"माझ्याच्यानं पळवत नाही, म्हणून तर बसलोय."

स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता मार्थाबाईंनी मला खरी गोष्ट सांगितली. ही मंडळी डॉक्टरांनी नाही, सुशीलाबाईंनी धरून ठेवली होती. आजाऱ्यांकडे त्या जायच्या, भांडणं त्या मिटवायच्या, नवऱ्याच्या लांब प्रवचनात पेंगणाऱ्यांना चहा त्याच द्यायच्या. "एकदा तिनं तोंड उघडून मागितलं," मार्थाबाई म्हणाल्या, "की माझ्यावरही हात ठेवा, हे काम मी करतेच आहे. तर यांनी कुठल्याशा जुन्या धर्मपरिषदेचा ठराव काढून दाखवला, बायकांना चालत नाही म्हणून. ती हसली आणि भाकरी थापायला गेली. पुन्हा कधी बोलली नाही."

शेवटी डॉक्टरकाकांनी चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं. "दगा देणाऱ्या यहूदाची रिकामी जागा भरताना प्रेषितांनी काय केलं? इंटरव्ह्यू घेतले? चिठ्ठ्या टाकल्या!" नोव्हेंबरमधला रविवार होता, दुपारीच अंधारून आलेलं. रूथ क्रॉयडनहून आली होती, सामान कधी हलवायचं ते बोलायला. पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या घातल्या, आणि मी मंडळीबाहेरची, हिंदू, म्हणून काढायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा कळलं की त्यांनी सगळ्या खुर्च्यांची नावं घातली होती.

"पप्पा, डेड लोक कसा एल्डर होणार?" रूथ म्हणाली. तिचं मराठी असंच होतं. "आणि मम्मीचा नाव पण? दॅट्स मॉर्बिड."

"नाव घातलं नाही तर ती रागावेल," डॉक्टरकाका म्हणाले. बायकांची नावं चालतात का, असं दाऊदमामांनी विचारलं, तेव्हा ते थोडे थकून म्हणाले, "आता आपण उरलो किती! परिषदेला कोण विचारतंय?"

मी डब्यात हात घातला. चिठ्ठ्या खूप होत्या, तरी एकच बोटांना लागली. मी ती उघडून मोठ्याने वाचली.

"सुशीला."

भिंतीतला बॉयलर गुरगुरत होता तो बंद पडला.

"पुन्हा काढ गं," दाऊदमामा हळूच म्हणाले.

"पुन्हा नाही," डॉक्टरकाका म्हणाले. "प्रेषितांनी पुन्हा काढली नव्हती."

"मग ठेवा हात," मार्थाबाई म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. खरोखर सांगत होत्या.

ते उठले आणि टेबल धरत धरत खिडकीपाशी गेले. त्यांचे हात एरवी कायम थरथरत. चहाचा कप बशीत वाजे. त्या खुर्चीसमोर त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि बसलेल्या बाईचं डोकं असेल तेवढ्या उंचीवर आणून थांबवले. हवेत हात धरले की ते थोडे तरी वरखाली होतात. हे टेकले होते. कंप नाही, काही नाही. मी मन लावून शिकलेली, कंपनीत टेस्टिंगचं काम करणारी मुलगी आहे. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगते. हिरवी उशी मधोमध दबलेली होती. नेहमीच तशी असेल. मी कधी नीट पाहिली नव्हती.

ते प्रार्थना करत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते. शेवटचं तेवढं ऐकू आलं : "फार उशीर केला मी." आणि त्यांचे गुडघे गेले.

रूथ धावली. त्यांच्या आणि खुर्चीच्या मध्ये गुडघ्यांवर घसरत तिने त्यांच्या छातीला खांदा लावला, आणि खाली येणारे त्यांचे दोन्ही हात तिच्या केसांवर टेकले. त्यांनी ते उचलले नाहीत. त्यांना उचलता येत नव्हते, की त्यांनी मुद्दाम ठेवले, मला अजून माहीत नाही.

"योग्य आहे!" दाऊदमामा एकदम ओरडले.

"योग्य आहे!" मार्थाबाईंनी साथ दिली.

"व्हॉट? नो! वेट!" रूथ खालूनच किंचाळली. "मी फक्त पप्पाला पकडत होती! आय डोन्ट इव्हन गो टू चर्च!"

"पळतेय बघा," डॉक्टरकाका तिच्या खांद्यावर लोंबकळत, रडत आणि हसत म्हणाले. "धरा तिला!"

आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना त्यांच्या खुर्चीत बसवलं. मग रूथ माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. नळ सोडून उगाच हात धूत राहिली.

"तू पण हात ठेवला होता ना? माझ्या डोक्यावर?"

"नाही. मी डबा धरून तिकडे उभी होते."

"मार्थाआंटी?"

"त्या बसल्या होत्या."

ओल्या हाताने तिने स्वतःचे केस चाचपले. "दोनपेक्षा जास्त होते गं," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती आली. कोणी बोलावलं नव्हतं. पहिल्यांदा तिने प्रभुभोजनाची भाकर मोडली तेव्हा वाक्यं चुकली, दाऊदमामांनी दुरुस्त केली, आणि डॉक्टरकाका टेबलाच्या पार टोकाला तोंडातून शब्द न काढता बसले. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. घर विकलं गेलं. ते क्रॉयडनला गेले, मी ब्रॅकनेलला, आणि मंडळी मार्थाबाईंच्या फ्लॅटमध्ये जमू लागली. रूथ डॉक्टरकाकांना दर रविवारी ट्रेनने स्लाऊला आणायची. पण स्टेशनवर कोणीतरी गाठ पडायचं, पिता आणि पुत्र यांचा प्रश्न निघायचा, आणि रूथ वैतागून पुढे यायची. मागून अर्ध्या तासाने हे, दम लागलेले, वाद जिंकल्याच्या आनंदात.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच, भूल दिल्यासारखे.

परवा मी त्या फ्लॅटवर गेले होते. रूथ आता मराठी बरं वाचते. चुकलं की आता दाऊदमामाही टोकत नाहीत. आजाऱ्यांकडे जाणं, फोन करणं, भांडणं मिटवणं, सगळं ती करते, आणि म्हणते की हे मी फक्त तात्पुरतं बघतेय. उपासना सुरू झाली तरी फ्लॅटचं बाहेरचं दार थोडं उघडंच होतं. वारा आत येत होता. मार्थाबाईंनी शाल पायांवर ओढून घेतली. मी दार लावायला उठले, तर रूथने हातानेच मला बसायला सांगितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "पप्पा लेट येतो."

मी बसले. तिने वाचायला सुरुवात केली, सावकाश, मधे मधे जिन्याकडे कान देत. आम्हीही देत होतो.