नानांचे चाळीस प्रश्न

“झाल्या का ओळखी?” दिवाळीच्या सुट्टीत मी कॉलेजातून बीडला गेले तेव्हा नानांनी विचारलं होतं.

“झाल्या की,” मी म्हटलं. “मैत्रिणी आहेत पुष्कळ.”

त्यांनी मान हलवली आणि पानाला चुना लावत बसले... आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच. पौषात वसतिगृहाच्या बाईंनी मला जेवणावरून उठवून नाना गेल्याची तार हातात दिली. शेजारी कोणी बसलेलं नव्हतं, म्हणून कोणाला काही सांगावंही लागलं नाही.

नाना माझे थोरले काका, बीडच्या शाळेत शिक्षक. हैदराबादला अध्यापनाचं शिक्षण घेताना त्यांना एक इंग्रजी प्रश्नावली मिळाली. कोणता विद्यार्थी कॉलेजात टिकेल, कोणत्या कामात रमेल, हे म्हणे उत्तरांवरून आधीच सांगता येई. नानांनी तिचे मराठीत चाळीस प्रश्न केले. प्रत्येक मुलासाठी ते स्वतः नवी प्रत उतरवून काढत. मॅट्रिक झालेल्या मुलांचे वडील गावोगावहून येत. नांदूरघाटाकडचा एक मेंढपाळ मुलाला घेऊन ओट्यावर बसला होता, तो मला आठवतो.

“मास्तर, आमी मेंढरू घेताना दात बघतो. तुमी कागद बघता व्हय?”

“दातच बरे, बाबा,” नाना हसले. “मेंढरू खोटं बोलत न्हाई. कागदावर पोरं लई बोलत्यात.”

“मग कावून लिवायला लावता?”

“खोटं कशापायी बोलतंय, ते तर कळतं!”

मी जालन्याला आत्याकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. मॅट्रिक झाले तेव्हा वडिलांनी सगळं नानांवर सोडलं. नाना हो म्हणाले तर कॉलेज, नाहीतर सांगून आलेल्या स्थळाला होकार. मला ते लग्न नको होतं, पण तोंडाने म्हणवेना. नानांनी माझ्यापुढेही तो कागद ठेवला. अनोळखी माणसांत मोकळं वाटतं का? मी लिहिलं, हो. चारचौघांत बोलतेस का? बोलते. एकटीने राहायला जमेल? सहज. हे लिहिलं ते नानांच्या त्याच घरात, जिथे सुट्टीत पाहुणे आले की मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहायचे. नानांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि वडिलांना म्हणाले, “पाठव तिला. टिकेल.”

कॉलेजात हजेरीला नाव पुकारलं तरी माझा आवाज फुटत नसे. रविवारी मुली फिरायला गेल्या की मी खोलीत बसून नानांना पत्र लिहायचे... मी खोटं लिहिलं होतं, मला इथे कोणी नाही. एकही पत्र पेटीत टाकलं नाही. टाकलं असतं तर मला परत नेलं असतं, आणि ते स्थळ अजून थांबलेलं होतं.

नाना जाऊन सहा आठवडे झाले. परवा काकूंनी मला त्यांचे कागद आवरायला बसवलं. “टपालवाला येऊन गेला की विचारायचे, पोरीचं काही आलं का,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. गठ्ठ्यात माझा कागद होता. जिथे जिथे मी खोटं लिहिलं होतं, तिथे तिथे नानांनी शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात खरं उत्तर लिहून ठेवलं होतं. नाही. नाही. मुळीच नाही. अशा उत्तरांवर त्यांनी दुसऱ्या कोणाला कॉलेजात धाडलं नसतं.

शेवटच्या उत्तरापुढे मात्र पेन्सिल टेकलेली नव्हती. फार एकटं वाटलं तर घरी कळवशील का? मी लिहिलं होतं, कळवीन.

तेवढं एक नानांनी खरं धरलं होतं.