डोमाजीची काठी

अंगात येणं, झपाटणं असलं काही कोणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जाते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, तेवढा हट्ट असणारच. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण लिहिते.

मी प्रताप नगरला राहते. रिटायर झाल्यापासून दर रविवारी सीताबर्डीजवळच्या एका बेघर निवाऱ्यात वरण-भात घेऊन जाते आणि दुखऱ्या गुडघ्यांना पट्ट्या बांधून दुपारपर्यंत दारावर बसते. तिथे दोन नियम कडक. फुटपाथवर झोपणाऱ्यांकडे कुत्र्यांसाठी काठी असतेच, ती आत येताना दाराजवळच्या पेटीत ठेवायची. पेटीला कुलूप, किल्ली ड्युटीवरच्या माणसाकडे. दुसरा नियम - बाईला भेटायला कोणीही येवो, आधी आत जाऊन तिला विचारायचं, मगच दाराची कडी काढायची.

डोमाजी तिथला सगळ्यात म्हातारा. भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर, आणि काठीच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. रेखा निवाऱ्यात आली तेव्हा नवऱ्यानं तिचा कान फाडलेला होता. ते पाहून डोमाजी मला म्हणाला, "बाई, इचा नवरा आला तं मले फक्त आवाज द्या. बाकी मी पाहून घेतो." होळीनंतर डोमाजी वारला. त्याचं असं कोणी आलं नाही, काठी पेटीतच राहिली.

मे महिन्यातला रविवार, सकाळचे साडेअकरा. पुरुष सगळे कामाला गेलेले. दारात एक जण उभा - इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. रेखाचा भाऊ आहे, खाप्याहून आलोय, आई सिरियस आहे म्हणाला. माणूस मला चेहऱ्यावरून कळतो याचा मला भारी गर्व. रेखाला न विचारताच मी कडी काढली.

तो नवरा होता.

नळापाशी भांडी घासत बसलेल्या रेखाचे केस दोन्ही हातांनी धरून त्यानं तिचं डोकं ओट्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. ओट्यावरून रक्त वाहायला लागलं, दोन दात माझ्या पायाशी येऊन पडले. मी त्याला मागून ओढलं तर लाथ मारून पाडलं मला. ही आता मरते, आणि माझ्यामुळे मरते, एवढंच डोक्यात होतं. तोंडातून निघालं, "डोमाजी!" तो दोन महिन्यांपूर्वीच गेलाय हे त्या क्षणी आठवलंच नाही.

पहिला फटका माझ्या उजव्या मनगटावर बसला. मग त्याच्या खांद्यावर. मग गुडघ्यावर - हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट आला. तो खाली पडला तरी फटके थांबेनात. मारणारं कोणी दिसत नव्हतं हो... नुसते आवाज, आणि प्रत्येक आवाजाला त्याची कातडी फाटत होती. तो माझ्यामागे बघून हात जोडत होता. "नोको मारू बाबा, नोको..."

पोलिसांना त्यानं सांगितलं, मफलरवाल्या म्हाताऱ्यानं मारलं. पेटी त्यांच्यासमोरच उघडली. कुलूप शाबूत, किल्ली माझ्या कमरेला. सगळ्यात वर डोमाजीची काठी होती. टोकाला ओलं रक्त, मुठीवरची ट्यूब घामानं भिजलेली. हवालदारानं आधी काठीकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यांच्या पट्ट्यांकडे, आणि लिहायला लागला.

रेखा वाचली. दवाखान्यात तिनं माझं सुजलेलं मनगट हातात घेतलं आणि सुजलेल्या तोंडानं विचारलं, "बाई, डोमाजीनं तुमाले काहून मारलं?"

 मला का मारलं ते मी तिला तिथेच सांगितलं. कडी मी याच हातानं काढली होती.