कब्रस्तानातलं धोतर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — कारण यात तिने वाळत घातलेलं धोतर आहे, आणि ती इतकी हसली असती की शेजारीपाजारी गोळा झाले असते. तुम्हीही हसा. मीही बरेच दिवस हसतच होतो. फक्त शेवटपर्यंत ऐका.

साठ सालानंतर मी कोकणातून सिल्वासाच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि गावातल्याच आमली भागात बिऱ्हाड थाटलं. मेव्हण्याने दिलेला डब्यासारखा एक कॅमेरा जवळ होता. तेवढ्यावर मी स्वतःला मोठा कलावंत समजत असे. फोटो काढला की त्याची किल्ली फिरवून फिल्म पुढे सरकवावी लागे. एवढं लक्षात असू द्या.

गावाच्या कडेला पोर्तुगीजांच्या वेळचं कब्रस्तान होतं. क्रूस कलंडलेले, गवत कमरेएवढं — कुणी फिरकत नसे. पण तिन्हीसांजेला तिथे काय सुंदर उजेड पडायचा! तिथला फोटो काढणार, असं मी शाळेत जाहीर केलं. आमचे गणिताचे गुजराती सर हात जोडून म्हणाले, "रहेवा दो मास्तर, सांजच्या टाइमाला तिथे कोण जात नाय." मग काय! आमच्या कोकणात पिंपळागणिक एक भूत असतं आणि तेही ओळखीतलं, अशी बढाई मारून मी निघालो.

आणि फाटकाशीच थांबलो. खरं सांगू? मी आत गेलोच नाही. बाहेरूनच दगडी गडग्यावर कॅमेरा ठेवला आणि झडप उघडली. अंधुक उजेडात ती किती वेळ उघडी ठेवायची, याचं माझं घरगुती माप होतं — बाराचा पाढा, एकदा, सावकाश. लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हणायची सवय होती, ती अशी कामी येई. पण गवतात काहीतरी खसफसलं — शेळी असेल, मुंगूस असेल — आणि मी बारा साते चौऱ्याऐंशीवरून थेट बारा दाहे एकशेवीसवर उडी मारून घर गाठलं.

त्या घाईत एक गोष्ट राहून गेली होती. कॅमेरा ठीक चालतो का बघायला सकाळी मी परसातल्या धोतराचा फोटो काढला होता. बायको उभी राहायला तयार नव्हती. फोटोने आयुष्य घटतं म्हणे. त्यानंतर किल्ली फिरवायची होती. ती मी ना सकाळी फिरवली, ना संध्याकाळी भीतीपोटी आठवली. त्यामुळे दोन्ही फोटो एकावर एक.

बलसाडहून फोटो धुऊन आला. क्रूसांच्या मधोमध पांढरंशुभ्र, उंच असं काहीतरी उभं! मी लगेच ओळखलं. शाळेत मात्र नुसती खळबळ उडाली. तेव्हाच सांगायला नको होतं का? पण किल्ली विसरलो म्हटलं, तर का विसरलो तेही सांगावं लागलं असतं. मी गप्प बसलो आणि शूरवीर म्हणून मिरवलो. मजा आली हो!

मग मारियाबाई आल्या. त्या आमच्या शाळेत शिवण शिकवायच्या. नवरा पोर्तुगीज अमलात कचेरीत कारकून होता, रविवारी पांढरा सूट घालणारा, आणि त्याच कब्रस्तानात पुरलेला. मुलगा मडगावला होता. तिकडे नातीजवळ राहायला जायचं म्हणून बाईंनी सामानही बांधायला घेतलं होतं. त्यांनी फोटो खिडकीशी नेऊन पाहिला, खूप वेळ पाहिला.

"मास्तर, खरं बोला हां. तुमी आत जाऊन, डोळ्यांनी बघितलं माझ्या माणसाला?"

मी हो म्हणालो. गणिताचे सर शेजारीच उभे होते — म्हणून हो म्हणालो. बस, एवढंच कारण.

बाईंनी सामान सोडलं. नवरा वाट बघत उभा असताना गोव्याला कशी जाऊ, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन गवत कापायला लागल्या. पुढे क्रूस सरळ केले, चुना लावला, गुणगुणत लावला. हळूहळू चार माणसं मदतीला जमली. कब्रस्तान असं हसरं झालं की गणिताचे सरही सांजचे तिकडून फिरून येऊ लागले. नाताळात पहिलं दोदोल माझ्या घरी यायचं. नारळ-गुळाची ती मऊ वडी — मी बोटं चाटून खायचो.

एकदा मुलगा नातीला घेऊन आला. आईचं मन वळवा, तुमचं ऐकते ती, असं मला विनवून म्हणाला. एक वाक्य पुरेसं होतं — बाई, ते धोतर आहे. मी त्यांच्या घरी गेलो, दोदोल खाल्लं, नातीचा गालगुच्चा घेतला आणि परत आलो. बाईंना नात पुन्हा कधी दिसली नाही.

शेवटच्या आजारपणात त्या हसत हसत म्हणाल्या, "मी गेली की सांजचा एक फोटो काढा, मास्तर. त्याच्या बाजूला उभी राहीन. बेबीला पाठवा, तिला आजी बघायला भेटेल."

त्या गेल्यावर मी पहिल्यांदा फाटकाच्या आत पाऊल टाकलं. भीती वाटली नाही. किल्ली फिरवली, पुन्हा तपासली. बाराचा पाढा अगदी सावकाश म्हटला. फोटो उत्तम आला. चुन्याने उजळलेले क्रूस, कापलेलं गवत, शेजारी शेजारी दोन कबरी. उभं कुणीच नव्हतं.

तो मी मडगावला पाठवून दिला. मागच्या बाजूला नातीसाठी लिहिलं — उजवीकडे बघ, आजी उभी आहे.