अर्जात काठी

लातूरच्या कोर्टाबाहेर माझ्या टेबलाशेजारी एक टायपिस्ट बसायचे. बायकांचा त्यांना फार कळवळा. बाईनं तोंड उघडलं, की म्हणायचे, “समजलं ताई, समजलं.” भूकंपानंतर घर स्वतःच्या नावावर मागणाऱ्या विधवांपासून सगळ्याजणींना त्यांनी एकच मजकूर दिला: ‘अर्जदार अडाणी, अबला असून दयेस पात्र आहे.’ कोर्टाचा वेळ वाचतो म्हणे.

पुढं शहरात क्लासेसचं पेव फुटलं. पोरीच्या शिकवणीसाठी शिरूर अनंतपाळहून आलेली, मेसमध्ये पोळ्या लाटणारी एक बाई नवऱ्याच्या मारहाणीचा अर्ज करायला आली. संसार मोडू नये म्हणून टायपिस्टनी लिहिलं, ‘किरकोळ कुरबूर’. तिला वाचून मात्र दाखवलं, ‘काठीनं मारहाण’.

तिनं कागद ओढून घेतला. “यात काठी कुठं हाय?”

“तुम्हाला वाचता येतं, ताई?”

“हाव. पोरीसंगं शिकले. आता मी सांगते तसं लिवा.”

त्यांनी नवा कागद चढवला. काठी आली, गेल्या साली मोडलेलं मनगटही आलं.

मग तो कागद माझ्यापुढं आला. अशा प्रत्येक अर्जावर वकील म्हणून सही माझीच असायची. त्या दिवशी सही करण्याआधी मी पहिल्यांदा अर्ज वाचला.