अनारसे आणि मराठी फॉन्ट

तुपात अनारसे तळल्याचा वास आला की लोकांना देव आठवतो, मला मराठी फॉन्ट आठवतो. धोंड्याच्या महिन्यात आम्ही दोघे जावई जवळा बाजारला सासुरवाडीत जेवायला गेलो होतो. सासऱ्यांना मेहुणीच्या लग्नाची पत्रिका लिहून हवी होती, आणि त्या घरी कॉम्प्युटरमधला जाणकार म्हणजे मी. तिथला जुना फॉन्ट मीच टाकलेला. त्यात 'क्ष' कुठल्या बटणांनी उमटतो हे फक्त मला ठाऊक, आणि मी ते कुणाला सांगत नसे. मी 'गजानन प्रसन्न'पाशी होतो, तेवढ्यात पुण्याच्या साडूने आपल्या लॅपटॉपवर एक फुकटची वेबसाइट उघडली आणि अख्खी पत्रिका बोलून टाकली. अक्षरं आपोआप उमटत गेली. मी म्हणालो, "याला आपल्याकडचं बोलणं न्हाई कळत." सासऱ्यांनी लगेच परीक्षा घेतली. "पाव्हणे काहून येऊन न्हाई राहिले?" आमच्याकडचं 'काहून' म्हणजे 'का', पण पडद्यावर आलं, 'पाहुणे कानून येऊन नाही राहिले.' मी जिंकलोच होतो, पण सासरे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि साडूला म्हणाले, "जावईबापू, शिकवा ना ह्याला जरा. गुणी लेकरू हाय!" दुपारभर दोघं त्या वेबसाइटलाच आमची बोली शिकवत बसले. माझी पत्रिका कुणी विचारलीही नाही. आता सासरे सगळे निरोप फोनवर बोलूनच लिहितात. त्यात माझं नाव दर वेळी चुकतं. साडूचं मात्र बराबर येतं.