शुक्रवारी सूर्य परत निघाला!

मी शब्बाथचा दिवा लावला, डोळ्यावर हात धरून प्रार्थना म्हटली, डोळे उघडले, अन् बुडालेला सूर्य डोंगराच्या दुसऱ्या बाजूनं परत बाहेर निघाला!

बाप्पा! काटाच आला आंगावर. चाळीस पोट्ट्याइची कोंबडी पितळेच्या गंजात कच्ची, तांदूळ सुपात, चूल थंडगार, अन् मी दिवा लावून मोकळी!

ज्याइले माहीत नाही त्याइले सांगते. आमी यहुदी. शुक्रवारचा दिवस बुडाला का शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत आमचा शब्बाथ. इस्तो पेटवायचा नाही, विझवायचा नाही, सैपाक करायचा नाही. सारं रांधून झालं का घरची बाई दिवा लावते. अन् दिवा लावला का तिचा शब्बाथ लागला. मंग सूर्य वर असो का खाली!

अन् मी पडली चौथी पास, अकोल्याची. आमच्याकडे दिवस कपाशीच्या वावरात सरळ उतरते अन् बुडते. एकदा बुडाला का बुडाला, लपाछपी खेळत नाही! हे चिखलदरा. सूर्य सुळक्यामागं गेला, अंधारून आलं, मले वाटलं झाली सांज! (घड्याळ आमच्या याइच्या मनगटावर, अन् हे विहिरीवर.)

उन्हाळ्याच्या सुटीचं शिबिर होतं ते. मुंबईचे बेंजामिनमास्तर आपल्या लोकाइचे चाळीस पोट्टे घेऊन आले होते. सैपाकाले मी, माही सासू, अन् पाणी-लाकडाले रेल्वेतून रजा काढून आलेले हे. मास्तरनं पहिल्याच दिवशी मले वरून खालपर्यंत पाहिलं. "ही पोर चाळीस पानं वाढणार? शुक्रवारचं जेवण बघतो. नाही जमलं तर मुंबईहून आचारी बोलावतो."

आचारी आला का आमी परत अकोल्यात. मे महिन्यातल्या अकोल्यात! आठ महिन्याचं माहं लेकरू, तिथं घामोळ्याइनं त्याची पाठ कारल्यासारखी झाली होती. इथं चार दिवसात झोपाले लागलं. मले जायचंच नव्हतं! पण नेमके शुक्रवारीच त्याचे दात येऊन राहिले होते, दुपारभर मांडीवरून उतरलं नाही, म्हणून तर चूल राहिली.

"आई!" मी ओरडली. सासूबाई भिंतीले टेकून पेंगत होत्या. "आई, तुमी पेटवा चूल! माहा शब्बाथ लागला!"

सासूबाई अलिबागकडच्या. त्याइनं उन्हाकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, अन् कपाळावर हात मारला. "अगो बये! मी तर आमेन म्हटलं!"

"काहून म्हटलं?"

"जन्मभर दिव्यापुढे आमेन म्हणत आले, झोपेत पण म्हणते! आमेन म्हटलं की दिवा माझा पण! तुझ्याबरोबर मी पण अडकले की गो!"

तितक्यात हे दोन बादल्या घेऊन आले.

"किती वाजले?" मी इचारलं.

"सहाले दहा कमी. दिवस बुडायले तास आहे अजून. काहून?"

सांगितलं. याइनं दिव्याकडे पाहिलं. "इतलंच ना? फू करून टाक. मंग परत लाव."

"नाही!!" आमी दोघी एकदमच किंचाळलो. (लग्नापासून सासूसुनेचं पहिल्यांदा एकमत झालं.)

"शालोम, तूच कर," सासूबाई आपल्या लेकाले म्हणाल्या. "तू आमेन म्हटलं नाहीस."

"मी? मले चहा येत नाही!"

"शब्बाथ आमच्या हाताले आहे, तोंडाले नाही," मी म्हटलं. "आमी सांगतो, तुमी करा."

अन् तिथंच घोटाळा झाला. तोंडं दोन! इकडून मी म्हटलं, "तिखट टाका, चार मुठी." तिकडून सासूबाई, "शालोम, चार मुठी तिखट!" माणूस आज्ञाधारक. आठ मुठी टाकल्या! मी पळीकडे धावली, तं सासूबाई कडाडल्या, "हात मागे!" चोरासारखे हात मागं बांधून उभी राहिली मी. याइनं चुलीत फुंकर मारली, जाळ भडकला, भुवया गेल्या!

"आता दूध टाकू?" हे म्हणाले.

पाहतो तं लोटे दोन! एकात नारळाचं दूध, दुसऱ्यात लेकरासाठी म्हशीचं. अन् आमच्यात मटन-कोंबडीत म्हशीचं दूध पडलं का सारा गंज फेकावा लागते!

"चाखून पहा!"

याइनं चाखलं. लय इचार केला. "गोड आहे."

"अवो, दोन्ही गोडच असते!"

तवा सासूबाईच्या कडेवरचं लेकरू डाव्या लोट्याकडे हात करून असं भोकांड पसरलं, का निकालच लागला. उजवा लोटा गंजात! अन् तिखट मरावं म्हणून उद्यासाठी काढून ठेवलेलं नारळाचं दूधबी त्यातच!

भात उतरला अन् दिवस बुडाला. (मी तीनदा खात्री केली.) पोट्टे फिरून आले, हातपाय धुतले, प्रार्थना झाली, मनुकांचं शरबत फिरलं, भाकर मोडली. पंगत बसली. नुसती नाकं वाजून राहिली होती. मी म्हटलं, झालं! बांधा गाठोडं!

मास्तर डोळे पुसत उठले. "दीनावहिनी! असा रस्सा मी मुंबईत खाल्ला नाही! कशाचा आचारी नि कशाचं काय! पुढच्या शुक्रवारी पण हाच हवा! हा हात कोणाचा?"

चाळीस पोट्ट्याइनं टाळ्या वाजवल्या. माह्या हातचं खाऊन आजपर्यंत कोणी दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं, सख्ख्या बापानंबी नाही! कोपऱ्यात हे उभे, भुवया नाही, मिशीले राख, आता आपलं नाव निघते म्हणून छाती काढून. सासूबाई छताकडे पाहून राहिल्या. लेकरू त्याइच्या खांद्यावर गाढ झोपलेलं.

मी पदर सावरला, मान खाली घातली अन् म्हटलं, "आमच्या अकोल्याकडे असंच करतो आमी, मास्तर. घ्या अजून."

आता तुमीच सांगा, तुमी काय केलं असतं?